सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची पदवी : फी तेवढीच, सही मात्र लांब

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या यादीत ‘सिव्हिल इंजिनिअरिंग’ आणि ‘सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ या पदव्या बऱ्याचदा एकाखाली एक दिसतात. दोन्ही चार वर्षांच्या, एकाच विद्यापीठात फीही जवळपास तेवढीच. फरक कळतो तो पुढे, ड्रॉइंगवर सही-शिक्का कोणाचा चालतो हा प्रश्न आला की.

मान्यता देणारी संस्था एकच, अ‍ॅबेट. पण तिच्यात इंजिनिअरिंगसाठी ईएसी आणि टेक्नॉलॉजीसाठी ईटॅक असे वेगळे आयोग आहेत. ईएसीला गणित आणि मूलभूत विज्ञानाची किमान ३० क्रेडिट्स लागतात, शिवाय इंजिनिअरिंगच्या विषयांची ४५. ईटॅकची गणिताची अट बरीच सैल आहे. तिथे भर सर्व्हेइंग, मटेरियल टेस्टिंग, एस्टिमेटिंग आणि कॅडवर असतो. त्यामुळे माहितीपत्रकात नुसतं ‘अ‍ॅबेट मान्यताप्राप्त’ वाचून खूश होऊ नका. मान्यता कुठल्या आयोगाची आणि कधीपासूनची, हे अ‍ॅबेटच्या साइटवर पाच मिनिटांत तपासता येतं.

शिकवतात ते मात्र कामाचं, यात वाद नाही. ओलं काँक्रीट किती घट्ट-पातळ आहे ते पाहणारी स्लंप टेस्टच घ्या. १२ इंची कोन तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके, मग पाचेक सेकंदांत कोन सरळ वर उचलायचा, जराही पिळायचा नाही. सगळं मिळून अडीच मिनिटांच्या आत. ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे सिलिंडर भरले की पहिले ४८ तासांपर्यंत ६० ते ८० अंश फॅरनहाइटमध्ये सांभाळायचे. ते साइटवर उन्हात राहिले तर २८ दिवसांची ताकद कमी दिसते आणि काँक्रीट चांगलं असूनही ठेकेदार, सप्लायर आणि डिझायनर यांची जुंपते. हे हाताने केलेला माणूस पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडतो. एसीआय या अमेरिकेतल्या काँक्रीट संस्थेचं फील्ड टेस्टिंग ग्रेड १ प्रमाणपत्र शिकतानाच काढून ठेवावं. ते पाच वर्षं चालतं आणि टेस्टिंग लॅबवाले पदवीच्या आधी तेच विचारतात.

आता पैशांचं. कॉलेज बोर्डच्या २०२३-२४ च्या सरासरीनुसार वर्षाची फी सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याला ११,२६० डॉलर, बाहेरच्याला २९,१५० आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात ३,९९०. म्हणजे राज्यातल्या राज्यात चार वर्षांचे सुमारे ४५,०००. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि दोन वर्षं विद्यापीठ केलं तर ३०,५००. राहणं-खाणं यात धरलेलं नाही. परताव्याकडे बघा: मे २०२३ मध्ये सिव्हिल इंजिनिअरचा मध्यम वार्षिक पगार ९६,००० डॉलरच्या आसपास होता, सिव्हिल टेक्नॉलॉजिस्ट-टेक्निशियन या गटाचा ६०,००० च्या थोडा वर. या दुसऱ्या आकड्याने लगेच घाबरायचं कारण नाही. त्यात दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेले टेक्निशियनही आहेत आणि चार वर्षांची टेक्नॉलॉजी पदवी घेऊन पुढे प्रोजेक्ट मॅनेजर किंवा एस्टिमेटर झालेले लोक त्या गटात मोजलेच जात नाहीत. पण हेच उलटं वाचलं तर जास्त बोचतं: टेक्निशियनच्याच खुर्चीत बसायचं असेल, तर वरची दोन वर्षं कशाला?

दोन अधिक दोनचा मार्ग स्वस्त खरा, पण पैसे नेमके तिथेच गळतात. असोसिएट पदवी ‘अप्लाइड सायन्स’ची असेल तर त्यात कॅल्क्युलसऐवजी ‘टेक्निकल मॅथ’ आणि कॅल्क्युलसशिवायचं फिजिक्स असू शकतं. विद्यापीठ ती क्रेडिट्स मोकळी ऐच्छिक म्हणून टाकून देतं आणि तेच विषय पुन्हा घ्यावे लागतात. एक सत्र वाढलं की ५,६०० डॉलर फी आणि वर सहा महिन्यांचा बुडालेला पगार. दोन कॉलेजांमधला लेखी ट्रान्सफर करार, विषयवार तक्त्यासह, हातात असल्याशिवाय पहिली फी भरू नये. काउन्सेलरच्या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

सगळ्यात महाग बाब फीच्या पावतीवर येतच नाही, ती म्हणजे पीई लायसन्स, ड्रॉइंगवर सही-शिक्क्याचा अधिकार देणारा इंजिनिअरचा परवाना. ते राज्यागणिक मिळतं आणि नियमही राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात शिक्षण आणि अनुभव मिळून एकूण सहा वर्षांचा हिशेब आहे. ईएसीची पदवी त्यातली चार वर्षं वजा करते, ईटॅकची दोनच. टेक्सासमध्ये ईएसीवाल्याला चार वर्षांचा अनुभव पुरतो, टेक्नॉलॉजीवाल्याला आठ लागतात. काही राज्यांत तर दार जवळपास बंदच. नंतर मास्टर्स करून हे भरून काढू, असा विचार असेल तर आधी वरचं कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, डायनॅमिक्स असे राहिलेले विषय स्वतःच्या खर्चाने घ्यावे लागतात. आणि लायसन्स देणारी राज्यांची बरीच बोर्डं तरीही मूळ पदवीकडेच बोट दाखवतात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांसाठी आमचं मत सरळ आहे: घेऊ नका. बाहेरच्या दराने चार वर्षांची नुसती फी १,१६,६०० डॉलर होते, आणि तेवढ्यात ईएसीची पदवी मिळते. टेक्नॉलॉजीही विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या स्टेम यादीत आहे, त्यामुळे ओपीटीचे, म्हणजे पदवीनंतर काम करण्याच्या परवानगीचे, १२ अधिक २४ महिने मिळतात, अडचण त्यानंतरची. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी त्या पदाला विशिष्ट विषयाची बॅचलर पदवी लागते हे दाखवावं लागतं आणि टेक्निशियनच्या कामाला असोसिएट पदवी चालते हे सरकारी माहितीतच लिहिलेलं आहे.

तिथल्याच रहिवाशाला, बांधकाम कंपनीत किंवा राज्याच्या रस्ते विभागात इन्स्पेक्शन-टेस्टिंग करायचं असेल आणि दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची तयारी असेल, तर ही पदवी चांगली आहे. कॅल्क्युलसमध्ये अडकून ईएसीची पदवी पाच-सहा वर्षांवर जाण्यापेक्षा तर नक्कीच.

ज्यांनी आधीच प्रवेश घेतलाय त्यांनी, राज्याचं बोर्ड बसू देत असेल तर, एफई, म्हणजे पीईच्या वाटेवरची पहिली परीक्षा, शेवटच्या वर्षातच उरकावी. ११० प्रश्न, सहा तास. गणित आणि स्टॅटिक्स ताजं असतानाच ती जमते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या सिव्हिल इंजिनिअर पदांना नुसती टेक्नॉलॉजी पदवी पुरत नाही, पण एफई पास असणं हा तिथे मान्य असलेला एक मार्ग आहे.