नववीचा इंग्रजीचा तास: फॉरवर्ड तपासायला चेकलिस्ट की लॅटरल रीडिंग?

इंग्रजीच्या तासाला माहितीची शहानिशा शिकवायची ठरवली, की दोन पद्धती समोर येतात. पहिली चेकलिस्टची. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या ग्रंथपाल सेरा ब्लेकस्ली यांनी २००४ मध्ये मांडलेली यादी त्यातली सर्वांत प्रसिद्ध. मजकूर ताजा आहे का, विषयाला धरून आहे का, लिहिणाऱ्याचा अधिकार काय, माहिती अचूक आहे का, हेतू काय, असे पाच निकष लावायचे. दुसरी लॅटरल रीडिंगची. यात समोरच्या पानावर रेंगाळायचंच नाही, नवा टॅब उघडून त्या मजकुराबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी बघायचं.

दोन्हींना एकच फॉरवर्ड लावून बघा. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केलं, तेही ‘जस्ट फ्यू मिनिट्स अगो’, हा इंग्रजी मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. चेकलिस्ट घेतलेलं मूल अधिकाराच्या रकान्यात युनेस्कोचं नाव बघून बरोबरची खूण करतं. हेतू? देशाभिमान, मग तिथेही खूण. तारीख नाही हे एखाद्याच्याच लक्षात येतं. टॅब उघडणाऱ्याला मात्र युनेस्कोने हे नाकारल्याच्या बातम्या मिनिटभरात सापडतात.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये हेच दाखवलं. १० इतिहासतज्ज्ञ, १० फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थी त्यांनी संकेतस्थळं तपासायला बसवले. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी लोगो, भारदस्त नाव यांवर अनेकदा फसले. फॅक्ट-चेकर चटकन पान सोडून बाहेर शोधायला गेले आणि कमी वेळात योग्य निष्कर्षावर आले. पीएच.डी. झालेली माणसं जिथे चकतात, तिथे नववीच्या मुलांच्या हातात नुसती यादी देणं मला पटत नाही.

चेकलिस्टची जमेची बाजू एकच, पण मोठी: तिला नेट लागत नाही. झेरॉक्स वाटली की तास सुरू. लॅटरल रीडिंगला निदान शिक्षकाचा फोन आणि प्रोजेक्टर तरी हवा. पण प्रत्येक मुलाच्या हातात फोन हवाच असं नाही. सर्चमध्ये काय टाकायचं ते मुलांना सांगू द्या, तुम्ही टाइप करा. नेमके इंग्रजी शब्द निवडायला लावणं हा भाषेचाच पाठ आहे. आणि ‘इज डिक्लेअर्ड बाय युनेस्को’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं, की पॅसिव्ह व्हॉइसही त्याच तासात होतो: कोणी जाहीर केलं, कुठे, कधी? ‘फ्यू’च्या आधीचा ‘अ’ गायब आहे, तोही मुलंच पकडतील.

शाळेत रेंजच नसेल, तर चेकलिस्ट घ्या, पण पाचही निकष एकदम नकोत. तारीख आणि मूळ स्रोत, एवढे दोनच घोटून घ्या. एखादा तरी फोन चालत असेल, तर पहिल्या दिवसापासून टॅब उघडायलाच शिकवा. पोर्शनमधून महिन्याला एक तास निघाला तरी चालेल. फॉरवर्ड मात्र मुलांच्या घरच्या ग्रुपवरून आलेलाच घ्या, नंबर आणि नावं झाकून.