झोन वन : बाइंडिंग बोगस, पुस्तक जड, तरी ठेवणार

कोल्सन व्हाइटहेडचं 'झोन वन' पावसाळ्याआधी मागवलेलं, परवा बाइंडिंग सुटलं आणि मधली पानं गठ्ठ्यानं हातात आली. दुकानदार म्हणतोय उघडलेलं पुस्तक परत घेत नाही. आता न उघडता वाचायचं कसं ते तरी सांग की बाबा.

स्टोरी माहीतच असंल, माणसांचे झोंबी करणारी साथ येऊन गेल्यावर मार्क स्पिट्झ आणि दोन जोडीदार न्यूयॉर्कातल्या मॅनहॅटनच्या बिल्डिंगा उरलेले झोंबी मारून एकेक करून साफ करतायत, शुक्रवार ते रविवार असे तीन भाग, संपलं. पण लेखकाची एक खोड लई डोक्यात जाते. पहिल्याच मारामारीत झोंबी अंगावर पडलेत आणि गड्याला शाळेतल्या बाई आठवतात! आणि हे एकदा नाही, सगळ्या पुस्तकभर, कुणी चावायला आलं की यांची आठवण सुरू. अरे आधी सुट की तिथनं. शुक्रवारच्या भागातच पुस्तक कपाटात टाकलेलं.

नंतर पैसे गेलेत म्हणून परत काढलं आणि मत जरा फिरलं. हे लोक झोंबी मारून झाला की रिपोर्ट भरतात, वय किती, मजला कितवा, आणि कागद जातात बफेलोला, नव्या सरकारकडं. लुटायला बंदी, फक्त स्पॉन्सर कंपन्यांचा माल उचलायचा. मला कोल्हापूरचा २०१९ चा महापूरच आठवला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर, आणि ते उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल असताना आम्ही पंचनाम्यासाठी पासबुकाची झेरॉक्स शोधत फिरतोय, वर मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे स्टिकर. व्हाइटहेडनं हे २०११ सालीच लिहिलंय म्हणजे माणूस पोचलेला आहे.

काही झोंबी चावत नाहीत, जुन्या जागेवर नुसते थांबून असतात, एकजण झेरॉक्स मशीनपाशीच. त्यांनाही सोडायचं नाही असा वरून हुकूम. तिथं मात्र वाईट वाटलं.

मार्क स्पिट्झ हे हिरोचं टोपणनाव, १९७२ च्या ऑलिंपिकात ७ सुवर्ण मारणाऱ्या पोहणाऱ्याचं, ते का पडलं हे पार शेवटाकडं कळतं आणि हिरो काळा आहे हेही तिथंच. एवढी मोठी गोष्ट इतकी सहज सांगून टाकलीय की मी मागं जाऊन परत वाचलं, सुटी पानं सांभाळत.

फेविकॉल लावून मेव्हण्याला दिलंय. तो अजून शुक्रवारातच अडकलाय.