नोकरी सांभाळून पहिला फ्लॅट: गुजरात रेराचं पोर्टल कितपत कामाचं?

वडोदऱ्याजवळच्या भायली-सेवासीकडे गुंतवणुकीसाठी फ्लॅट बघताय आणि रजा शिल्लक नाही? मग रात्री जेवणानंतर गुजरात रेराचं, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाचं, पोर्टल उघडा. ब्रोशरवरचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा), विकलेली युनिट्स, बांधकामाची प्रगती सगळं फुकटात दिसतं. तिमाही अहवाल मात्र सलग दोन-तीन वाचा. विक्री जोरात आणि स्लॅब जागच्या जागी, तर ताबा लांबणारच. भाव 'सुपर बिल्टअप'वर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून सांगतात; एकूण किंमत भागायची कार्पेटने. साटेखत नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त मागितले, तर ते मना करणारं रेरा कायद्याचं कलम 13 दाखवा.

उणीव? माहिती बिल्डरच भरतो. रीसेलला पोर्टलचा फारसा उपयोग नाही, आणि 8 युनिट्सपर्यंतच्या छोट्या स्कीमला नोंदणीची सक्तीच नाही. जमिनीचा पूर्वेतिहास एनीआरओआर (AnyROR) या गुजरात सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटवर बघावा: सातबारा आणि गाव नमुना 6 मधल्या फेरफार नोंदी. तरी वकिलाकडून टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) हवाच, तिथे काटकसर नको.

खर्च वेगळा धरा. 40 लाखांच्या दस्तावर 4.9 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 1.96 लाख, वर 1 टक्का नोंदणी फी. खरेदी फक्त बायकोच्या नावावर असेल तर ही फी माफ.