चाळिशीनंतरचा पहिला घोडा: यात्रेतली घोडी, शर्यतीतून निवृत्त की रायडिंग स्कूलमधला जुना?

पंचेचाळिशीत घोडा घेणाऱ्याने जात बघण्याआधी एक बेरीज करावी. नीट सांभाळलेला घोडा 25 ते 30 वर्षं जगतो. आज चार वर्षांचं जनावर दावणीला बांधलंत, तर तुम्ही पासष्टी ओलांडाल तेव्हाही त्याला रोज चंदी आणि खरारा लागणारच. माझ्या मते पहिल्या घोड्याचा अर्धा निर्णय इथेच होतो, तरी बहुतेक जण आधी रंग विचारतात.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते. तिथे मारवाडी, काठेवाडी घोडी बघून माणूस हरखतोच. आत वळून टोकं भिडणारे कान, ताठ मान, उंची साधारण 14 ते 15 हात (घोड्याचा हात म्हणजे चार इंच). खूर टणक, ऊन सोसणारी जात. रेवाल चाल शिकलेली घोडी मिळाली तर पाठदुखी असलेल्या स्वारासाठी ती खरोखर वरदान, कारण दुडकीसारखे हिसके बसत नाहीत. पण बाजारात गप्पा चालतात त्या देवमणाच्या (मानेवरचा शुभ मानलेला केसांचा भोवरा), पंचकल्याणीच्या (चारही पाय आणि तोंड पांढरं). भोवऱ्यांवरून किंवा रंगावरून घोडी रस्त्यावर ट्रकला बुजेल का, हे कळत नाही. शिवाय यात्रेतली बरीच जनावरं नाचकामाला तयार केलेली असतात. लगाम जरा ओढला की पुढचे पाय उचलतात. तोंड उघडून जीभ आणि हिरड्या बघा. काटेरी लगामाला ओझ्याच्या जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965च्या नियमांनी बंदी असली तरी त्याच्या जखमा आजही दिसतात. आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला नसेल तर सौदा तिथेच सोडा. घोड्यांत या रोगाला इलाज नाही आणि तो माणसालाही होतो.

पुण्यामुंबईच्या शर्यतीतून उतरलेला थरोब्रेड पुष्कळदा स्वस्तात मिळतो. वय पाच-सहा, उंची 16 हातांच्या आसपास, स्वभावाने अनेकदा फार प्रेमळ. या घोड्यांना दुसरं घर मिळावं असं मला मनापासून वाटतं, पण ते घर नवशिक्याचं नको. शर्यतीच्या घोड्याला लगाम ताणल्यावर पळायची सवय असते. घाबरलेला नवा स्वार नेमका लगामच घट्ट धरतो. जॉकीला बरेचदा चालत्या घोड्यावरच चढवतात, त्यामुळे तुम्ही रिकिबीत पाय घालेपर्यंत उभं राहणं त्याला नव्याने शिकवावं लागतं. पुढच्या पायांच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) जुनी सूज आणि पोटात अल्सर, या दोन्हींची पशुवैद्याकडून तपासणी हवीच. पुन्हा घडवायला जाणकार माणूस आणि कित्येक महिने लागतात.

तिसरा पर्याय दिसायला साधा: रायडिंग स्कूलमधली बारा-चौदा वर्षांची घोडी किंवा खच्ची केलेला घोडा. त्याने शेकडो नवशिके पाठीवर वाहिलेले असतात. तुमचा तोल गेला तर तो थांबतो. या वयात मोडलेलं हाड लवकर जुळत नाही आणि एकदा बसलेली भीती त्याहून उशिरा जाते, म्हणून माझा कौल यालाच. शक्य असेल तर लगेच विकत न घेता आधी वर्षभर अर्धा खर्च तुम्ही उचलायच्या बोलीवर वापरायला घ्या. पावसाळा, मोतद्दाराची (घोडा सांभाळणाऱ्या नोकराची) सुट्टी, पोटशूळाची एखादी रात्र, सगळं त्यात कळतं.

रोजचा खर्च तिन्हींचा फारसा वेगळा नाही. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला आठेक किलो कोरडा चारा, 30-40 लिटर पाणी, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. थरोब्रेडला खुराक थोडा जास्त.

पसंत पडलेला घोडा तीनदा बघा, त्यातलं एकदा न कळवता. तो तबेल्यातून धरण्यापासून खोगीर कसेपर्यंत सगळं तुमच्यासमोर होऊ द्या, आणि आधी विकणाऱ्याला चढायला सांगा.