कॉलेज फुटबॉलची रिप्ले रिव्ह्यू सर्व्हिस: थांबवून ठेवतात, पण कारण सांगत नाहीत (५ पैकी २ स्टार)

रिव्ह्यू आपण मिक्सरचा लिहितो, हॉटेलचा लिहितो, मग ज्या गोष्टीसाठी दर सीझनला तिकिटाचे आणि स्ट्रीमिंगचे पैसे मोजतो तिचा का नको लिहायला? म्हणून हा अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या रिप्ले रिव्ह्यूचा, म्हणजे रेफ्रीचा निर्णय व्हिडिओ बघून तपासण्याच्या पद्धतीचा, रिव्ह्यू. मी एमएसला ब्लॅक्सबर्गला आले, म्हणजे व्हर्जिनिया टेकला, आणि पहिल्याच सीझनमध्ये या खेळाने जे पकडलं ते आजतागायत सोडलं नाही. नाशिकला असताना मला फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तेवढाच माहीत होता. आता शनिवारी दुसरं काही ठरवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००४ मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सने, म्हणजे कॉलेज टीम्सच्या गटाने, पहिल्यांदा हे ट्राय केलं, २००५ ला बाकीच्या बऱ्याच कॉन्फरन्स आल्या आणि २००६ पासून नियमाच्या पुस्तकात कायमचं गेलं. वर बूथमध्ये एक रिप्ले ऑफिशियल बसलेला असतो, तो प्रत्येक प्ले बघतो आणि शंका आली की मॅच थांबवतो. एनएफएलसारखं, म्हणजे इथल्या प्रोफेशनल लीगसारखं, कोचने झेंडा टाकायची वाट बघायची नसते, कोचला चॅलेंज आहे पण त्यासाठी टाइमआऊट पणाला लावावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मैदानावर दिलेला कॉल बरोबरच आहे असं धरून चालायचं, व्हिडिओत वाद घालायला जागाच नाही इतकं स्वच्छ दिसलं तरच तो बदलायचा. कागदावर हे मला खरंच पटतं. घोडं पेंड खातं ते इथेच, कारण हे "स्वच्छ दिसलं" म्हणजे नक्की किती स्वच्छ, ते दर शनिवारी वेगळं असतं.

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवारची रात्र, मायामी विरुद्ध व्हर्जिनिया टेक. मायामी तेव्हा देशात सातव्या नंबरवर, आमच्याकडून कुणाला फार अपेक्षा नव्हती, आणि तरी आम्ही शेवटपर्यंत मॅचमध्ये होतो. ३८-३४, आम्ही मागे, शेवटचे काही सेकंद. शेवटचा प्ले, हेल मेरी, म्हणजे देवाचं नाव घेऊन मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, उंच बॉल भिरकवायचा आणि आपल्यातल्या कुणाच्या तरी हातात पडो म्हणायचं. सात-आठ जणं एकदम उडाली, बॉल खाली येताना आमच्या रिसीव्हरच्या हातात, मग सगळा ढीग कोसळला. आणि रेफ्सनी दिला टचडाऊन, म्हणजे बॉल एंड झोनमध्ये पकडला, आम्ही पुढे! माझी रूममेट सांगलीची, तिने गॅसवर आल्याचा चहा ठेवला होता, ती तशीच बाहेर पळत आली, आम्ही दोघी सोफ्यावर उभ्या राहून ओरडतोय, आणि मागे चहा उतू जाऊन सगळ्या शेगडीभर झाला ते आम्हाला कळलंही नाही.

मग आला रिव्ह्यू. कितीतरी मिनिटं गेली. टीव्हीवर तेच तेच अँगल पुन्हा पुन्हा, एकात बॉल हातात दिसतोय, दुसऱ्यात सुटल्यासारखा वाटतोय, तिसऱ्यात नुसत्या पाठी दिसतायत. कॉमेंटेटर अंदाज लावतायत, आम्ही अंदाज लावतोय, स्टेडियममधले लोक डोक्यावर हात ठेवून उभे. पोटात गोळा आलेला. आणि मग रेफ माईकवर येऊन सांगतो, पास इनकम्प्लीट, म्हणजे झेल धरलाच नाही. मॅच संपली. हातातोंडाशी आलेला घास गेला.

नंतर एसीसीने, म्हणजे आमच्या कॉन्फरन्सने, खुलासा दिला की सुटलेल्या बॉलला बाहेर पडलेल्या खेळाडूचा स्पर्श झाला होता, त्यामुळे पास पूर्ण होऊच शकत नाही. बरं. नियम तसाच आहे, मी तो नीट वाचलाय, आणि आता इतक्या वेळा ती क्लिप बघितल्यावर मी असंही म्हणेन की कदाचित त्यांचा निर्णय बरोबर असेल. पण कदाचित! माझा मुद्दाच तो आहे. मैदानावरचा कॉल टचडाऊन होता, तो फिरवायला कदाचित चालत नाही, शंभर टक्के लागतं. ते शंभर टक्के त्यांना कुठल्या फ्रेममध्ये दिसलं ते त्या रात्री, त्या क्षणी, आम्हाला कुणी दाखवलं नाही. ती एक फ्रेम स्क्रीनवर थांबवून "हा बघा पाय, हा बघा बॉल" एवढं केलं असतं तर रडलो असतो पण मान्य केलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती क्लिप मी बाबांना पाठवली. बाबांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण क्रिकेट रक्तात आहे. त्यांनी दोनदा बघितली आणि फोन केला, "बाळा, तो थर्ड अंपायर काय बोलतोय ते ऐकू का येत नाही तुमच्याकडे?" मी गप्पच झाले. एवढे अब्जावधी डॉलरचे टीव्ही करार आहेत इथे आणि हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आला नव्हता.

आठवा ना, आपल्याकडे डीआरएसला किती विरोध होता. २००८ ला श्रीलंकेत पहिला प्रयोग झाला, त्यानंतर आपल्या बोर्डाने कितीतरी वर्षं नको नको केलं आणि २०१६ ला इंग्लंडच्या सिरीजला कुठे तयार झाले. २०११ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला मोहालीत सचिनला अजमलच्या बॉलवर एलबीडब्ल्यू दिला होता आणि रिव्ह्यूमध्ये तो वाचला, तो बॉल खरंच लेगला जात होता का यावर आमच्या घरी अजून वाद होतात. म्हणजे डीआरएसनेही भांडणं संपत नाहीत, अंपायर्स कॉलवरून तर अजून डोकी फिरतात. पण तिथे थर्ड अंपायर एकेक पायरी मोठ्याने बोलतो, आधी नो बॉल बघू, मग अल्ट्राएज, जरा पुढे मागे करा, आता बॉल ट्रॅकिंग. निर्णय आवडला नाही तरी तो कसा आला ते आपल्यासमोर घडलेलं असतं.

इथे तसं नाही आणि त्याचा इतिहास लांबलचक आहे. नियम कायमचा झाला त्याच वर्षी, १६ सप्टेंबर २००६, ओरेगनविरुद्ध ओक्लाहोमा. शेवटचं मिनिट, ओरेगनने ऑनसाइड किक मारली, म्हणजे बॉल परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली छोटी किक, बॉल दहा यार्ड जायच्या आधीच त्यांच्याच खेळाडूने हात लावला, वर बॉल मिळालाही ओक्लाहोमाला, आणि रिव्ह्यू करूनसुद्धा बॉल ओरेगनलाच! ३४-३३ ने ओरेगन जिंकलं. मग काय, कॉन्फरन्सने माफी मागितली, रेफ्सना आणि रिप्लेवाल्याला एका मॅचसाठी घरी बसवलं. स्कोअर मात्र तोच राहिला. २०१५ ला मायामी-ड्यूक, शेवटच्या किकऑफवर आठ वेळा बॉल मागे पास करत मायामीने टचडाऊन केला, मधे एकाचा गुडघा टेकलेला होता, म्हणजे प्ले तिथेच संपायला हवा होता, तरी नऊएक मिनिटं रिव्ह्यू चालला आणि टचडाऊन दिला. दुसऱ्या दिवशी एसीसीने सांगितलं की चुकलं, क्रूला दोन मॅच सस्पेंड केलं. ड्यूकच्या पोरांना त्याचा काय उपयोग? वरातीमागून घोडं. नऊ मिनिटं बघूनही गुडघा दिसला नसेल तर त्या बूथमध्ये काय बोलणं झालं हे ऐकायचा ड्यूकच्या लोकांना हक्क नव्हता का?

मिशिगनवाल्यांसमोर २०१६ चा विषय काढू नका. ओहायो स्टेट, डबल ओव्हरटाइम, फोर्थ डाऊन, म्हणजे शेवटचा चान्स, एक यार्ड हवा होता, क्वार्टरबॅक तिथपर्यंत पोचला की इंचभर कमी पडला? मैदानावर फर्स्ट डाऊन दिला, म्हणजे पोचला असं धरून पुढे खेळायला दिलं, रिव्ह्यूमध्ये तसाच ठेवला, पुढच्याच प्लेला टचडाऊन आणि मॅच खल्लास, ३०-२७. मिशिगनचा कोच हार्बॉ प्रेस कॉन्फरन्समध्ये हाताने अंतर दाखवत बसला, बिग टेनने दहा हजार डॉलर दंड ठोकला. माझं विचाराल तर तो कॉल तसाच ठेवणं नियमाला धरून होतं, कारण त्या गर्दीत कुठल्याच कॅमेऱ्यात बॉल धड दिसत नव्हता. मैदानावर उलटा कॉल दिला असता तर तोही तसाच राहिला असता. पण हे समजावून कोण सांगणार, रेफ तेव्हा माईकवर फक्त "स्टँड्स", म्हणजे कॉल तसाच, म्हणायचा आणि वळायचा.

टार्गेटिंगबद्दल, म्हणजे डोक्याला लागेल अशा बेकायदा धडकेबद्दल, तर मी पानभर लिहू शकते पण जीव दमतो. १ जानेवारी २०२५, पीच बाऊल, प्लेऑफची क्वार्टरफायनल, २४-२४, जेमतेम एक मिनिट राहिलेलं, टेक्सासच्या डिफेंडरने अॅरिझोना स्टेटच्या रिसीव्हरला हेल्मेटला हेल्मेट लागेल असं ठोकलं, बूथमध्ये बघितलं, आणि टार्गेटिंग नाही. का नाही? एका ओळीचं उत्तर नाही. टेक्सास दोन ओव्हरटाइमनंतर ३९-३१ ने जिंकलं. त्याच प्रकारच्या धडकेला आदल्या महिन्यात कुणीतरी मॅचबाहेर गेलेलं असतं, आणि हा बाहेर काढण्याचा नियम २०१३ पासून आहे, म्हणजे नवीन आहे म्हणायचीही सोय नाही.

आणि काही गोष्टी तर रिव्ह्यूच करता येत नाहीत. पास इंटरफिअरन्स घ्या, म्हणजे झेल घेणाऱ्याला बेकायदा अडवणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्टिनला टेक्सास-जॉर्जिया मॅचमध्ये टेक्सासने समोरच्यांचा पास पकडला, त्या इंटरसेप्शनवर चुकीचा फाउलचा फ्लॅग पडला, लोकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, ती साफसफाई चालू असताना रेफ एकत्र जमले आणि फ्लॅग उचलला. कॉल बदलला ते बरोबरच झालं. पण यातून लोक काय शिकणार, नियमात रस्ता नाही, बाटली फेकली तर मात्र रस्ता निघतो? टेक्सासला नंतर अडीच लाख डॉलर दंड झाला, तो झालाच पाहिजे होता, बाटल्या फेकणं मला अजिबात मान्य नाही, तिथे खाली विशी-बाविशीची पोरं उभी असतात.

आता दोन स्टार तरी का दिले ते सांगते. एक, याच्याशिवाय परिस्थिती अजून वाईट होती, दर आठवड्याला कितीतरी कॅच, फंबल म्हणजे हातातून सुटलेला बॉल, गोल लाइनचे कॉल रिप्लेमुळे सुधारले जातात आणि ते कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. बूथमधल्या माणसांवर माझा राग नाही, हजारो लोक ओरडत असताना मिळतील तेवढ्या कॅमेऱ्यांवर काम करायचं सोपं नाही, आणि टीव्हीवरच्या मोठ्या मॅचला जितके कॅमेरे असतात तितके छोट्या मॅचला नसतातच. दुसरा स्टार एसीसीसाठी. हो, त्याच एसीसीसाठी. २०२५ च्या सीझनला त्यांनी ईएसपीएनच्या काही ब्रॉडकास्टमध्ये रिव्ह्यू चालू असतानाचं बोलणं प्रेक्षकांना लाइव्ह ऐकवायला सुरुवात केली, कॉलेज फुटबॉलमध्ये पहिल्यांदाच.

वेळेचा मार्क मात्र कापलाय. २०२० पासून दोन मिनिटांत रिव्ह्यू संपवायचं धोरण आहे, शेवटच्या क्षणांना सूट आहे ते ठीक, पण दुसऱ्या क्वार्टरला साध्या कॅचसाठी चार मिनिटं लागतात तेव्हा स्टेडियममधल्या थंडीत बसलेल्या माणसाचा विचार कोण करतं. मागच्या वर्षी एका मॅचला मी एंड झोनच्या वरच्या रांगेत होते, कुठली मॅच ते सांगत नाही, रिव्ह्यू नक्की कशाचा चाललाय हेच आम्हाला कळत नव्हतं, मोठ्या स्क्रीनवर जाहिरात चालू, शेजारचे आजोबा फोनवर मुलाला विचारत होते की टीव्हीवर काय दाखवतायत. ऐंशी डॉलर देऊन आत बसलेल्या माणसाने घरी बसलेल्याला विचारायचं! आणि २०२५ पासून "कन्फर्म्ड" आणि "स्टँड्स" हे दोन वेगळे शब्द काढून टाकले, आता फक्त "अपहेल्ड" किंवा "ओव्हरटर्न्ड". सुटसुटीत झालं म्हणतात. मला नाही आवडलं. पूर्वी निदान कळायचं की यांना खात्री पटलीय की नुसतं काही दिसलं नाही म्हणून सोडून दिलंय. होती ती माहितीही गेली.

तर माझी मागणी एकच, सगळ्या कॉन्फरन्सनी बोलणं ऐकवा, आणि ते स्टेडियममध्येही ऐकवा, नुसतं टीव्हीवर नको. ज्या फ्रेमवर कॉल फिरवला ती फ्रेम मोठ्या स्क्रीनवर लावा. ते होईल तेव्हा मी येऊन स्टार वाढवेन.

पहिल्यांदा तो बूथमधला आवाज ऐकला तेव्हा मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरला होता. नाशिकला पहाट होती, बाबा चष्मा शोधत होते. आतला माणूस म्हणत होता तो अँगल परत दाखवा, अजून एक फ्रेम मागे, हं, इथे थांबा. निर्णय आमच्या विरुद्ध गेला. बाबा म्हणाले, "बरोबर आहे गं त्याचं, पाय बाहेर होता." मलाही दिसला होता.