झाड ओळखणारं ॲप: फुलावर पक्कं, रोपावर कच्चं

बांधावरचं गाजरगवत ओळखायला हे ॲप महिनाभर वापरलं. फुलोऱ्यातल्या झाडाचा फोटो दिला की लगेच अचूक नाव येतं. पण जमिनीलगत पानं पसरलेल्या कोवळ्या रोपाला त्याने दोनदा झेंडू ठरवलं, आणि उपटायची खरी वेळ तर तीच! एकेक झाड हजारो बिया टाकतं, फुलं दिसेपर्यंत थांबून कसं चालेल? म्हणून मी खुणा स्वतःच बघते: गाजरासारखी चिरलेली, लवदार पानं, खोडावर उभ्या रेघा, पुढे चारेक मिलिमीटरची पाचकोनी पांढरी फुलं. हातमोजे मात्र घालाच. माझ्या मनगटावर पुरळ आठवडाभर होतं. पाचपैकी तीन तारे.