नव्वद दिवस कोणते मोजायचे, हे मी विचारलेच नाही

पक्षाघाताच्या झटक्यानंतर १८ दिवसांनी वडिलांना रुग्णालयातून घरी सोडले, तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी होती, बोलणे अडखळत होते आणि एकट्याने उठून बसणे त्यांना जमत नव्हते. औषधांची यादी हातात होती. परंतु त्यांना अंघोळ कोण घालणार, पलंगावरून खुर्चीत कोण बसवणार आणि या सगळ्याचे पैसे कोठून येणार, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. नेमक्या त्याच वेळी एका ओळखीच्या माणसाने 'गृहसेवा खर्चाचे सल्लागार' म्हणवणाऱ्या एका गृहस्थांचे नाव सुचवले. सल्ल्याचे ते काहीही पैसे घेत नाहीत, असे सांगण्यात आले. ते जर पैसे घेत नसतील, तर त्यांचा चरितार्थ कशावर चालतो, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता.

ते घरी आले, दोन तास बसले आणि एका कागदावर त्यांनी खर्चाचे सर्व मार्ग मांडले: स्वतःची बचत, आरोग्य विमा, वडिलांनी नोकरीत असताना घेऊन ठेवलेला दीर्घकालीन काळजीचा विमा, सरकारी मदत आणि घर तारण ठेवून मिळणारे कर्ज. कागद चुकीचा नव्हता, हे आजही मान्य करावे लागते. फसवणूक त्या कागदावर नव्हतीच. प्रत्येक मार्गाला ज्या अटी होत्या, त्या त्यांनी तोंडी सांगताना गाळल्या होत्या. आरोग्य विम्यातून 'घरची सेवा' मिळते, असे ते म्हणाले. प्रत्यक्षात डॉक्टरांनी लेखी सांगितलेली, परिचारिकेने किंवा फिजिओथेरपिस्टने द्यायची आणि ठरावीक काळापुरतीच असलेली सेवा तेवढी त्या पॉलिसीत बसत होती. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, शौचाला नेणे, रात्री उशाशी बसणे, ही कामे विम्याच्या भाषेत उपचारांत मोडत नाहीत, आणि घरी पडून असलेल्या माणसाचा बहुतेक खर्च मात्र याच कामांवर होतो.

राहिला दीर्घकालीन काळजीचा विमा. अशा पॉलिसी साधारणपणे सहा दैनंदिन क्रियांवर उभ्या असतात: अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात याच सहा क्रिया होत्या. आमच्या पॉलिसीनुसार यांपैकी किमान दोन क्रिया दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नसतील, तर लाभ मिळणार होता. वडिलांना तीन जमत नव्हत्या. म्हणजे आमची बाजू मुळातच भक्कम होती; खोटे बोलण्याची काहीएक गरज नव्हती.

तरीही सल्लागारांनी अर्जात सहाच्या सहा रकान्यांत खुणा केल्या. "जास्त खुणा असल्या की मंजुरी लवकर येते," असे ते म्हणाले, आणि वडिलांच्या वतीने मी सही केली. ही सही माझी आहे, तिचे खापर मी दुसऱ्या कोणावर फोडू शकत नाही. पुढे विमा कंपनीच्या परिचारिका तपासणीसाठी घरी आल्या, तेव्हा वडील जेवायला बसले होते. डाव्या हातात चमचा धरून, सांडत, पण कोणाच्याही मदतीविना ते जेवत होते, आणि इतक्या दिवसांनी घरी आलेल्या पाहुणीसमोर आपल्याला हे जमते याचा त्यांना अभिमानच वाटत असावा. परिचारिकांनी अर्जाकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले आणि शांतपणे काहीतरी लिहून घेतले. त्यानंतर आमच्या फाइलमधील प्रत्येक खरी गोष्टही संशयाने तपासली गेली. डॉक्टरांचा नवा अहवाल मागवण्यात आला आणि त्यात बरेच आठवडे गेले.

मोठा फटका मात्र दुसरीकडेच बसला. सल्लागारांनीच एक संस्था सुचवली होती. आठवड्यातून तीन दिवस सेविका येईल, सहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरल्यास १५ टक्के सूट मिळेल आणि भरलेली सगळी रक्कम विम्यातून परत येईल, असे सांगण्यात आले होते. पॉलिसीत ९० दिवसांचा प्रतीक्षाकाळ होता, म्हणजे तेवढ्या दिवसांचा खर्च आपणच सोसायचा होता. "तीन महिने कसेबसे काढा, मग सगळे सुरळीत होईल," असे ते म्हणाले. मी कॅलेंडरवर तीन महिने मोजले आणि निश्चिंत झालो.

परंतु काही पॉलिसींत हे दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजतात, तर काहींत केवळ पैसे देऊन सेवा घेतली तेच दिवस मोजतात, आणि आमची पॉलिसी दुसऱ्या प्रकारची होती. आठवड्याला तीन दिवस सेवा घेतली, तर ९० दिवस भरायला ३० आठवडे लागतात. मी आगाऊ पैसे भरले होते ते २६ आठवड्यांचे, म्हणजे ७८ दिवसांचे. संस्थेने सेवा चोख दिली असती, तरी त्या रकमेतला एक छदामही विम्यातून परत येणार नव्हता. हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमला असता.

सेवा चोख दिलीही गेली नाही. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात दर आठवड्याला नवा चेहरा येऊ लागला, आणि वडिलांना कसे उचलायचे हे प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवावे लागले. तिसऱ्या महिन्यात कोणी येईनासे झाले आणि फोनही बंद झाला. पावत्या विमा कंपनीकडे पाठवल्या, तेव्हा कळले की त्यांवर 'गृहसेवा, मासिक' एवढेच लिहिलेले होते. तारीख, तास, आलेल्या व्यक्तीचे नाव, केलेले काम यांपैकी काहीही नव्हते. शिवाय पॉलिसीत सेवा देणारी संस्था नोंदणीकृत असावी अशी अट होती आणि ही संस्था तशी नव्हती. त्यामुळे जे दिवस खरोखर भरले होते, तेही मोजले गेले नाहीत. सल्लागारांना प्रत्येक ग्राहकामागे संस्थेकडून दलाली मिळत होती, हे तिथून काम सोडून गेलेल्या एका सेविकेने नंतर सांगितले.

घरावर कर्ज काढणे तेवढे टळले, आणि तेही ताईमुळे. कागदपत्रे तयार होती; तिने फक्त एवढेच विचारले की वडिलांना पुढे कायमचे शुश्रूषागृहात ठेवावे लागले, तर या कर्जाचे काय होणार. घरमालक कायमचा घराबाहेर गेला की अशा योजनांत कर्ज फेडावे लागू शकते, आणि तोपर्यंत व्याज मुद्दलात चढत राहिलेले असते. सल्लागारांनी उत्तर देण्याऐवजी विषय बदलला, म्हणून आम्ही सही केली नाही.

आगाऊ रकमेतील जो भाग कार्डाने भरला होता, त्याबद्दल बँकेकडे तक्रार केल्यावर तो परत मिळाला. उरलेला थेट खात्यावर पाठवला होता. त्याची ग्राहक तक्रार अद्याप चालू आहे. आता नवी संस्था निवडण्यापूर्वी मी विमा कंपनीलाच लेखी विचारले की ही संस्था त्यांच्या अटींत बसते का, दिवस कसे मोजले जातील, एका दिवसाला कमाल किती रक्कम मिळेल आणि पावतीवर काय काय असावे लागेल. उत्तरही लेखीच घेतले. अर्जातील चुकीच्या तीन खुणा पत्राने दुरुस्त करून दिल्या. पैसे आम्ही आठवडा संपल्यावरच देतो, आणि पलंगाशेजारच्या वहीत येण्याजाण्याची वेळ, केलेले काम आणि सेविकेची सही रोजच्या रोज नोंदवली जाते.

ती आता आठवड्यातून पाच दिवस येते. त्या वहीत आज ४१वा दिवस भरला आहे. अजून ४९ भरायचे आहेत.